भुईला न टेकवलेला नारळ

मुतखड्याच्या पहिल्याच कळेला मी कपिलधारपर्यंत अनवाणी चालत जायचा नवस बोलून बसलो. कळ थांबल्यावर मात्र, बीडच्या दवाखान्यात पडल्या पडल्या, "रिक्षानं गेलं तर चालेल का गं?" असं बायकोला विचारू लागलो.

आमच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक ऊसतोडीची बाई बसलेली असायची. नवरा भरलेल्या ट्रॉलीवरून पडून आत बेशुद्ध होता. तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेला नारळ असायचा.

"खाली ठेवा की तो," बायको म्हणाली.

"न्हाई ताई. गाव सोडताना देवीम्होरून उचललाय. दोघं माघारी आलो की फोडायचा. तवर भुईला टेकवत न्हाईत."

"देवी करील सगळं बरं," मी मोठ्या जाणकारासारखा बोललो.

"ती करती ते बरंच म्हणायचं, भाऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा नवरा गेला. भिंतीला डोकं लावून ती लई रडली, पण नारळ काखेतच होता. आता ती तो भिरकावणार, असं मला वाटलं. मी असतो तर भिरकावला असता.

मयत गाडीत ठेवल्यावर वॉर्डबॉय म्हणाला, "मावशी, आता हा कशाला? टाका की."

"टाकू कावून? दोघं माघारी चाललोच की. सुतक फिटलं की फोडते. ह्यांना कावून न्हेलं, ते देवीला ठाव."

गाडी निघाली. तिचा एक हात नवऱ्याच्या छातीवर होता, दुसरा नारळावर.

रिक्षाचं मी बायकोला पुन्हा विचारलं नाही.