दुसऱ्याचा माल

तात्या म्हणजे माझे वडील. त्यांच्याशी काही महत्त्वाचं बोलायचं तर आधी आपला हात त्यांच्या हातात द्यावा लागे. खांद्यावरचा टॉवेल ते दोघांच्या हातांवर टाकत आणि खालून बोटं दाबत. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती, म्हणजे शेतकऱ्यांचा गूळ विकून द्यायचं दुकान. जुन्या काळी गुळाचा भाव असाच कापडाखाली बोटं दाबून ठरायचा, शेजारच्याला कळू नये म्हणून. पुढं उघडे लिलाव आले, तरी तात्यांची सवय सुटली नाही. माझ्या लग्नाचंही त्यांनी असंच विचारलं. "कुरुंदवाडचा मास्तर हाय. पसंत असंल तर एक बोट दाब, नसंल तर दोन." मी लाजून हात ओढून घेतला, तर म्हणाले, "मग सौदा मोडला म्हणू का ग?" मी घाईघाईनं पुन्हा हात घातला आणि एक बोट दाबलं.

"माल शेतकऱ्याचा, दुकान आपलं," हे त्यांचं पालुपद. अडत्या म्हणजे राखणदार, मालक नव्हे. एकदा सणाच्या दिवशी पाहुणे आले आणि घरातला गूळ संपला. आईनं दुकानातल्या गुळाच्या एका रव्याचा, म्हणजे ढेपेचा, कोपरा फोडून आणला. तो शिरोळच्या कुणाचा तरी माल होता. तात्यांनी पाहुण्यांसमोर असा आरडाओरडा केला की पुरणाचं पातेलं चुलीवर तसंच राहिलं. "दुसऱ्याच्या मालाला हात लावतीस व्हय!" शेवटी गुळाच्या अडत्याच्या घरात वाण्याकडून गूळ आला. गल्लीत पुढं कितीतरी दिवस त्याची चेष्टा चालली होती.

अशा माणसाला आतून काहीतरी खात होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आजोबा गेले तेव्हा मुलींनाही बापाच्या मालमत्तेत हिस्सा देणारा कायदा आला होता. राहतं घर आणि पुढचे दोन गाळे तात्या आणि त्यांची धाकटी बहीण गौरा, या दोघांचे झाले. पण कायदा कायद्याच्या जागी आणि रीत रीतीच्या. आमच्याकडं बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं तिला साडी-चोळी करायची आणि चार माणसांनी "बहीण असावी तर अशी" म्हणायचं. हिस्सा मागितला तर माहेर तुटतं. गौरात्या चंदगडकडच्या सासरहून एसटीनं आली आणि सही करून गेली. तात्यांनी घेतलेली इरकल ती गल्लीभर दाखवत फिरली, म्हणे. "माझ्या दादानं घेतली."

पुढं तिचा नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. दिरांनी कागद पुढं केला, तिनं तिथंही सही केली आणि एक ट्रंक घेऊन आमच्याकडं आली. जाईल तिथं सही करून येणारी बाई! तात्यांनी तिला पुढची खोली दिली, आईनंही कधी दुजाभाव केला नाही. पण आत्या राहायची ती पाहुण्यासारखी. सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या मागून जेवायची.

एक दिवस तिला देवाची तसबीर लावायची होती. तात्या बाहेरच्या सोप्यात बसले होते. ती दाराआडून म्हणाली, "दादा, भितीला एक खिळा मारू का? तुझी हरकत नसंल तर."

तात्या म्हणाले, "मार की." पण त्या दिवशी ते दुकानात गेले नाहीत. मी माहेरी आले होते. मला जवळ बसवलं आणि टॉवेल न टाकताच बोलले. ही गोष्टच नवीन होती. "सुमे, बाजारात जल्मात कुणाचा छटाकभर गूळ मारला न्हाई मी. आणि घरात सख्ख्या भनीचं अर्धं घर मारलं. सही करताना तिनं काय इचारलं म्हाईत हाय? दादा, हितंच करू न्हवं? मी बोट ठिवून जागा दावली. ह्याच बोटानं."

मी म्हटलं, "तात्या, सगळेच करतात."

"सगळं करत्यात म्हनून तर कुनी धरत न्हाई," ते म्हणाले.

मग त्यांनी तिचं तिला परत द्यायचा घाट घातला, आणि घरात नुसतं रामायण झालं. आत्या इतकी चिडलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "मी सोडलं ते सोडलं! थुकलेलं चाटू व्हय आता? रांडाव झाली आणि भावाचं घर खाल्लं म्हनत्याल लोक. एवढं एक म्हायेर ऱ्हायलंय, तेबी मोडतोस?" त्या दिवशी ती जेवली नाही, आणि अर्थातच तात्याही जेवले नाहीत.

तालमीतले त्यांचे एक जुने दोस्त वकील होते. त्यांनी ट्रस्टची वाट सुचवली. घर विश्वस्तांच्या नावावर करायचं. ते सांभाळायचं विश्वस्तांनी आणि लाभ मिळायचा तो दुसऱ्याला. आत्या जिवंत असेतो घर विकायचं नाही, राहायचा आणि गाळ्यांच्या भाड्याचा हक्क तिचा. तिच्यामागं ते आम्हा भावंडांचं. वकीलसाहेब समजावून थकले, तेव्हा तात्या एकदम हसले. "आवं, मग अडतच की ही! माल गौराचा, दुकान आपलं. हे आदी न्हाई सांगायचं?"

विश्वस्त म्हणून वकीलसाहेबांच्या जोडीला त्यांनी मला घातलं. मी म्हटलं, विलास आहे की. विलास माझा धाकटा भाऊ. तात्यांनी माझा हात ओढून घेतला, टॉवेल टाकला. "त्यो मालक हुईल. तुला राखणदार करतोय. घर नुसतं तुझं असतं, तर तूबी एका साडीवर सोडलं असतंस. दुसऱ्याचं हाय म्हटल्यावर सोडायची न्हाईस, वळखतो मी तुला. आणि गौराला मी हाय तवर सांगायचं न्हाई. कबूल असंल तर एक बोट." मी एक बोट दाबलं.

त्यानंतरही त्या टोचणीतून ते सुटले नाहीत. भाऊबीजेला आत्या ओवाळायची तेव्हा ते ताटातल्या सुपारीकडं बघत बसायचे, तिच्या तोंडाकडं नाही. एकदा मी विचारलं, "आता कशाला मनाला लावून घेता?" म्हणाले, "वजन पुरं केलं म्हनून खोटं माप इसरतंय व्हय?"

एकोणीसशे ऐंशी साल उलटून गेल्यावर तात्या गेले. त्यांच्याआधीच आई गेली होती. शाहूपुरीत तोवर जुनी घरं पाडून अपार्टमेंट उभी राहायला लागली होती. तेराव्याचं जेवण झालं आणि विलासनं हक्कसोडाचा कागद काढला; त्यालाही घर पाडून अपार्टमेंट बांधायचं होतं. घराला माझं नाव लागलंय एवढंच त्याला कळलं होतं. तात्यांनी लेकीला घर दिलं अशी त्याची समजूत. कागदाबरोबर बायकोच्या पसंतीची एक पैठणीही होती. "ताई, तू काही अडवणार नाहीस, माहीत आहे. आत्याला मी माझ्याकडं एक खोली देतो." तो वाईट नव्हता, रीतीनं वागत होता. खरं सांगते, माझा हात पेनाकडं गेला. आईबाप दोघंही नसताना भाऊ कसा तोडायचा?

तेवढ्यात आत्या पुढं झाली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "करून टाक की ग सही. भावाचं त्वांड बगावं मान्सानं. मी न्हाई केली?"

तिच्याच डोक्यावरचं छप्पर ती मला सोडायला सांगत होती.

"आत्या, माझं असतं तर केली असती," मी म्हटलं. "हे घर तुझं आहे. मी नुसती राखते." आणि सगळं सांगितलं.

विलास कागद गुंडाळून उठला. पैठणी तिथंच राहिली. त्यानंतर कित्येक भाऊबिजांना तो ओवाळून घ्यायला आला नाही, त्याचं ताट रिकामंच राहिलं. आपण वागलो ते बरोबर, हे मला ठाऊक आहे. तरी दर दिवाळीला काहीतरी चोरल्यासारखं वाटतं. तात्यांचं ते दुखणं घराबरोबर माझ्याकडंच आलं असावं.

आत्या मात्र किती तरी वेळ भिंतीला टेकून बसली होती. "मी नगं म्हनलं हुतं की त्याला," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. रडली, दादाला दोन शिव्या दिल्या, पुन्हा रडली. मग पदरानं तोंड पुसलं आणि पाटावर ठेवलेला तात्यांचा फोटो उचलला. माळ्यावरून हातोडी काढली. सोप्यात अगदी समोर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी जागा तिनं निवडली, आणि कुणालाही न विचारता तिथं खिळा मारला.