भरलेले कप

औरंगपुऱ्यात माझ्या दुकानाशेजारी एक बाई गल्लीतल्या बायकांना हाताशी घेऊन भांडी घासायची पावडर बनवतात. त्यांचं बोलणं कायम भांडल्यासारखं. चहासुद्धा दम देऊन पाजतात, "बसा. प्या."

काल एका मोठ्या कंपनीचे दोन साहेब त्यांचा ब्रँड विकत घ्यायला आले. मीही तिथंच होतो.

"नाव तुमचंच ठेवू," एक साहेब म्हणाला. "माल आमच्या फॅक्टरीत बनेल."

"अन् माझ्या बाया?"

साहेब नुसता हसला. बाईंनी दोघांपुढचे भरलेले कप उचलले आणि मोरीत ओतले. "निघा."

ते गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, थोडा विचार तरी करायचा."

बाईंनी माझाही कप उचलला आणि तिन्ही कप घासायला बसल्या.