छताखाली न बसणारे साडूभाऊ

आमच्या साडूभाऊंइतका घाबरट माणूस लातुरात दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतकी चांगली कोंबडी भाजणारा तर अख्ख्या मराठवाड्यात नसेल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे कळायला मला बरेच दिवस लागले. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नांदेडहून माझी लातूरला बदली झाली तेव्हा सामान उतरवायला ते आपणहून आले. टेम्पोतलं लोखंडी कपाट एकट्यानं पाठीवर घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी आले, तिथं ते अलगद टेकवलं आणि म्हणाले, "हितून पुढं तुमचं तुम्ही बघा, पावणं." आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तोवर आमची गाठ लग्नाच्या मांडवातच पडायची, त्यामुळे मला वाटलं, पाठीत उसण भरली असेल. बायको मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "भाऊजी छताखाली जात नाहीत. किल्लारीकडचे आहेत ना."

एवढं सांगितलं की लातुरात पुढं कुणी काही विचारत नाही. भूकंप झाला तेव्हा साडूभाऊ शाळकरी पोर होते आणि आजोबांबरोबर शेतात राखणीला झोपले होते, म्हणून वाचले. घरात आई-वडील आणि धाकटा भाऊ होता. दगडमातीच्या त्या घराचं पुढं काय झालं हे साडूभाऊ कधी बोलले नाहीत. आजोबांनी त्यांना वसतिगृहात घातलं. तिथं खोलीत झोपायला हे पोरगं तयार होईना, रोज अंथरूण उचलून मैदानावरच्या गोलपोस्टात जाऊन पडायचं. शेवटी तिथल्या मास्तरांनी विचार केला, की पडलेलंच आहे तर निदान गोल तरी अडवेल, आणि त्यांना गोलकीपर केलं. फुटबॉलशी त्यांची सोयरीक झाली ती अशी. "सगळ्यात खुल्ला खेळ हाय बघा," ते म्हणतात. "वर काय हाय? आभाळ. ते काय पडत न्हाई."

नोकरीसुद्धा त्यांनी बरोब्बर शोधून काढली, शाळेत क्रीडाशिक्षकाची. दिवसभर मैदानावर. हजेरीपटावर सही ते खिडकीतून हात आत घालून करतात. मुख्याध्यापकांनी सभा बोलावली की हे खिडकीबाहेर उभे राहून गजांमधून मत मांडतात. एकदा सभेत कुणीतरी जोरात खुर्ची सरकवली, तर साडूभाऊंचं मत अर्ध्यावर तुटलं आणि ते थेट ध्वजस्तंभापाशी दिसले. लग्नकार्यात ते मांडवात बसतात, पण मंगल कार्यालय असेल तर चपला न काढता दारातूनच अक्षता फेकतात. त्यांच्या अक्षता नवरा-नवरीपर्यंत पोचत नाहीत, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर पडतात. अक्काशी, म्हणजे माझ्या त्या थोरल्या मेव्हणीशी, त्यांचं लग्नही माझ्या सासऱ्यांच्या शेतात, कापणी झालेल्या वावरात लागलं. सासऱ्यांना आधी वाटलं, जावयाला दम्याचा त्रास आहे, मोकळी हवा लागते. अक्कानंही त्यांना बरेच दिवस तसंच वाटू दिलं.

गावाबाहेरच्या प्लॉटवर त्यांचं घर आहे. दोन खोल्या, वर पत्रे. स्लॅब टाकू या म्हणून अक्का किती वर्षं मागं लागली असेल, पण नाही. खोल्या अक्काच्या, अंगण साडूभाऊंचं. अंगणात त्यांची बाज, बाजेवर मच्छरदाणी, पावसाळ्यात चार बांबूंवर ताडपत्री. बाजेशेजारी स्टुलावर पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी. तिच्यातलं पाणी हललं का, हे बघत ते झोपतात. स्वयंपाकघरातल्या फळीवर रिकाम्या स्टीलच्या पेल्यांची उतरंड त्यांनीच अक्काकडून रचून घेतली आहे, म्हणजे जमीन जरा जरी हलली तरी ती खणाणत कोसळावी. ती मांजरामुळे, वाऱ्यामुळे आणि अक्काच्या कोपरामुळे नेहमी कोसळते, आणि तितक्या वेळा साडूभाऊ अंगणातून ओरडतात, "भायेर ये! भायेर ये आधी!" अक्का आतून ओरडते, "मांजर हाय हो!" शेजारीपाजारी दचकून जागे होतात आणि पुन्हा झोपतात. त्यांना सवय झाली आहे.

आता कोंबडीचं. साडूभाऊंनी एकदा मोबाईलवर परदेशातला व्हिडिओ पाहिला. गोरी माणसं घरामागच्या हिरवळीवर उभी आहेत, निखाऱ्यावर मांस भाजताहेत, बाहेर आणून ठेवलेल्या टीव्हीवर फुटबॉल बघताहेत. घरं चांगली मोठी, दारं सताड उघडी, पण आत कुणीही नाही. साडूभाऊंनी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि मला अगदी मनापासून विचारलं, "पावणं, ह्यांचं बी गाव पडलं होतं का?" मी म्हणालो, "नाही हो, हौस म्हणून करतात ते. बार्बेक्यू म्हणतात त्याला." तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला, की आपल्यासारखी माणसं जगात आहेत हे त्यांना त्या दिवशीच कळलं असावं. त्याच आठवड्यात त्यांनी तेलाचं पिंप वेल्डरकडून उभं कापून आणलं, खाली पाय जोडले, वर जाळी टाकली. मग आमचे रविवार सुरू झाले.

दुपार कलली की बाभळीचा कोळसा पेटायचा. कोंबडी सकाळपासून दही, लसूण आणि अक्काच्या काळ्या मसाल्यात मुरत पडलेली असायची. टीव्ही दाराच्या उंबऱ्यावर, तोंड अंगणाकडे. विलायतेतली मॅच सुरू व्हायची आणि आम्ही चौघं खुर्च्या मांडून बसायचो. मी, साडूभाऊ, बांधकाम खात्यातला त्यांचा वसतिगृहापासूनचा दोस्त, ज्याला सगळे इंजिनिअरच म्हणायचे, आणि डाळीचे व्यापारी अप्पा. अप्पा लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारे, कांदा-लसणालासुद्धा चार हात लांब ठेवणारे, पण फुटबॉलचं वेड भलतंच. ते येताना स्वतःची शेगडी, स्वतःचा चिमटा, कणसं, वांगी आणि पनीर घेऊन यायचे आणि आधी ओला अंगठा वर धरून वारा बघायचे. "तुमचा धूर माझ्या वांग्यावर यायला नको." इंजिनिअर म्हणायचा, "अप्पा, धुराला काय कळतंय शाकाहारी का मांसाहारी?" अप्पा शेगडी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात जायचे. वारा फिरला की पुन्हा पहिल्या. मॅच संपेपर्यंत अंगणाला अप्पांच्या तीन-चार प्रदक्षिणा व्हायच्या.

इंजिनिअर लाल जर्सीवाल्यांचा, अप्पा पांढऱ्यांचे, आणि साडूभाऊ दोन्हीकडच्या गोलकीपरांचे. गोल झाला की इंजिनिअर उड्या मारायचा. त्या उड्यांनी आतली उतरंड कोसळायची. पेल्यांचा खणखणाट ऐकून साडूभाऊ चिमटा टाकून फाटकापर्यंत पळायचे, आणि इंजिनिअर हसून हसून खुर्चीत कोसळायचा. "गड्या, तुझं घर पत्र्याचं. ते अंगावर पडलं तरी टेंगूळ येनार न्हाई तुला." साडूभाऊ परत येऊन चिमटा उचलायचे. "हसा. त्या रात्रीच्या आधी आमच्या गावात बी लोक हसायलेच होते."  जाळीवरून निखाऱ्यावर चरबी टपकून चरचरायची, आणि मला उगीचच आपल्या पायाखालची फरशी आठवायची, आपला तिसरा मजला आठवायचा.

ही भीती साथीसारखी पसरणारी होती. पहिल्या उन्हाळ्यात मी त्यांना हसायचो. दुसऱ्या उन्हाळ्यात घरी जेवताना माझी नजर आमटीच्या वाटीकडे जाऊ लागली. रस्त्यावरून ट्रक गेला की मी पंख्याकडे बघायचो. बायको म्हणायची, "तुम्ही पण?" मी म्हणायचो, "छे! पंखा पुसायला झालाय." पण तिचा हात माझ्या आधीच लेकीच्या दंडावर गेलेला असायचा. अधूनमधून वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी यायची, अमुक गावात जमिनीतून गूढ आवाज, नागरिकांत घबराट. पूर्वी मी ती वाचून पान उलटायचो. आता एवढंच बघायचो, की ते गाव आपल्यापासून किती लांब आहे.

त्या रविवारी बायको लेकीला घेऊन अंगणात अक्काबरोबर कोशिंबिरीला कांदे चिरत बसली होती. ऊन उतरलं होतं. पांढऱ्यांना पेनल्टी मिळालेली, आणि नेमके अप्पा हात धुवायला आत न्हाणीत गेलेले. इंजिनिअर त्यांना हाका मारत होता, "अप्पा, या लवकर, तुमचं पोरगं मारायलंय!" साडूभाऊ जाळीवरची तंगडी उलटत होते. त्यांचा हात मध्येच थांबला. शेजारच्या गल्लीतली कुत्री एकदम गप्प झाली होती.

मग आवाज आला. लांबून भरलेला टँकर यावा तसा, पण रस्त्यावरून नाही, खालून. खुर्चीचे पाय माझ्या खाली थरथरले. स्टुलावरच्या वाटीतलं पाणी काठावरून सांडलं. पत्रे कडाकडा वाजले, आत उतरंड कोसळली, आणि या खेपेला तिच्याबरोबर डबे, ताटं, सगळंच कोसळलं. बायकोनं लेकीला पोटाशी घेतलं. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिलो. इंजिनिअर, ज्यानं दर रविवारी आम्हाला खांब आणि सळया समजावून सांगितल्या, तो माझं मनगट धरून "ए… ए…" एवढंच म्हणत होता. आणि साडूभाऊ पळाले. फाटकाकडे नाही. पत्रे अजून वाजत होते आणि ते टीव्हीवरून उडी मारून घरात गेले.

"अहो!" अक्का किंचाळली. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

आतून धाडधाड दार ठोकल्याचा आवाज आला. मग कडी तुटल्याचा. मग अप्पांचा, "अहो, हे काय? हात तरी धुऊ द्या! साबण आहे हाताला!" पुढच्या क्षणी साडूभाऊ अप्पांना काखेत हात घालून ओढत बाहेर आले. अप्पांचं धोतर उंबऱ्यात अडकून फाटलं, टीव्ही पालथा पडला, आणि फेस लागलेल्या हातांनी अप्पा अंगणाच्या मधोमध बसले. तोवर जमीन केव्हाच थांबली होती. सगळं मिळून काही क्षणांचंच असेल. बादलीत नळ सोडलेला असल्यामुळे अप्पांना काही कळलंच नव्हतं. "कुणी दारुडा शिरला वाटलं मला," ते म्हणाले, आणि मग आमचे चेहरे बघून त्यांना कळलं. ते गळ्यातलं लिंग मुठीत धरून डोळे मिटून बसले.

साडूभाऊ त्यांच्या शेजारी मातीतच बसले होते. एका हातानं त्यांनी अप्पांचा दंड पकडला होता आणि तो सुटत नव्हता.  इंजिनिअर त्यांच्यासमोर उकिडवा बसला, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "गड्या, तू आत कसा गेलास?"

साडूभाऊ पाणी प्यायले. अर्धं अंगावर सांडलं. मग घराकडे बघत म्हणाले, "ह्या बारीला दार होतं. तव्हा दारच राह्यलं न्हव्हतं." अप्पांनी डोळे उघडले, पण दंड सोडवून घेतला नाही. अक्का साडूभाऊंच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तोवर अख्खी गल्ली बाहेर आली होती. कुणी पोरं कडेवर घेऊन, कुणी कुकरची शिट्टी हातात घेऊन, एक म्हातारी तर टीव्हीचा रिमोट छातीशी धरून. सगळ्यांनी घाबरून पहिल्यांदा पाहिलं ते साडूभाऊंच्या अंगणाकडे, कारण अंगण म्हणावं असं त्या गल्लीत तेवढंच. साडूभाऊ उठले. आवाज शाळेतला निघाला. "भिंतीपासून लांब बसा. विजेच्या खांबाखाली नगं. म्हातारी माणसं बाजंवर. गॅस बंद केला का? न्हाई? तुम्ही नका जाऊ, मी मेन स्विच आन् गॅस बघून येतो." आणि मघाशी आत जाऊन आलेला तो माणूस पुन्हा चार घरांत जाऊन आला, दर घरातून पळतच बाहेर पडत. मग त्यांनी कोंबडी उलटली. एक बाजू कोळसा झाली होती. तीच लहान-लहान तुकडे करून त्यांनी वाटली, आणि अप्पांनी फाटक्या धोतरात आपली कणसं भाजून शाकाहारी बिऱ्हाडांना दिली. त्या संध्याकाळी धूर कुठं चाललाय हे कुणी बघितलं नाही.

आम्हीही तिथंच मुक्काम केला. लोक घाबरून दबक्या आवाजात बोलत होते. साडूभाऊ मात्र सगळ्यांत हिंडत होते. कुणाला गोधडी दे, कुणाच्या पोराला वाटीतलं पाणी कसं बघायचं ते शिकव. इतक्या वर्षांत इतकं निवांत मी त्यांना पाहिलं नव्हतं. मला त्याचं कारण जरा उशिरा उमगलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते एकटे घाबरलेले नव्हते. सगळं गाव त्यांच्याबरोबर घाबरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतून सतरंज्या आणल्या, ताडपत्री वाढवली, आणखी दोन बाजा मागून आणल्या. ती रात्रही गल्लीनं अंगणातच काढली, पण काही पुन्हा हललं नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा मुलं आत गेली, कार्टून बघायला. मग बायका, मग पुरुष. इंजिनिअरनं फिरून प्रत्येकाच्या भिंती बघितल्या आणि काही झालेलं नाही म्हणून सांगितलं. तेही खरंच होतं. रिमोटवाली म्हातारी तेवढी राहिली होती, तिलाही तिचा मुलगा हात धरून घेऊन गेला. आम्ही निघालो तेव्हा दिवेलागण होत होती. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उजळत होत्या, आणि साडूभाऊ सतरंज्यांच्या घड्या घालत फाटकापाशी उभे होते. दिवा लागणाऱ्या प्रत्येक घराकडे बघत होते.

मी म्हणालो, "साडूभाऊ, गेले की हो सगळे."

"जाऊ द्या," ते म्हणाले. "घरं हायेत त्यांची."

मग हातातल्या सतरंजीची घडी पुरी करत ते पुढं म्हणाले, "पर झोप लई छान लागली बघा, पावणं. दोन्ही रात्री."