काकांचा मेन स्विच

आयसेलिन गावात आमच्या शेजारी राहणारे काका रिटायर झाल्यापासून ऑक्टोबरातच हिवाळ्याच्या तयारीला लागत. खिडक्यांना प्लॅस्टिक, दाराशी बर्फावर टाकायला मिठाची पोती, गाडीत फावडं. भारतातून कुणी नवीन राहायला आलं की त्याला गाठून सांगत, "विंटरशी पंगा घ्यायचा नाही. गावाला जातानासुद्धा घराची हीट चालू ठेवायची, नाहीतर पाणी गोठून पाइप फुटतात." मलाही त्यांनीच शिकवलं.

त्या जानेवारीत ते भाचीच्या लग्नाला पुण्याला गेले. किचनमधल्या तुळशीला पाणी घालायला म्हणून किल्ली माझ्याकडे होती. आठवड्याने दार उघडलं आणि मी दारातच उभा राहिलो. जिन्याच्या पायऱ्यांवरून बर्फ खाली उतरला होता. हॉलचं छत सोफ्यावर कोसळलं होतं. दिवा लावायला गेलो, तर लागेना.

कॉलिंग कार्डावरून पुण्याला फोन लावला. मी सगळं सांगितलं.

"असं कसं होईल रे?" काका म्हणाले. "घर बंद करून निघताना मेन स्विच बंद करायला मी आयुष्यात विसरलेलो नाही. या वेळी तर टॅक्सीतून उतरून परत बघून आलो."