केवळाबाईचा हेल

लातुरात क्लासच्या गल्लीमागे, पहिल्या मजल्यावर नागसेनची एक खोली आहे. तिला तो स्टुडिओ म्हणतो. तिथे बसून तो लग्नाचे व्हिडिओ कापतो-जोडतो आणि क्लासवाल्यांच्या जाहिराती करतो. मी भुजंग. माझा धंदा आवाजाचा. ऑटोवर भोंगा लावून 'प्रवेश सुरू, मोजक्याच जागा' अशी जी कटकट गावभर फिरते, ती माझ्याच गळ्यातली. आमचं दोघांचं जमतं ते एवढ्यासाठी, की आम्ही दोघंही एकाच तऱ्हेच्या लोकांवर वैतागलेलो असतो.

हल्ली सगळ्यांना सगळं युद्धासारखं पाहिजे. डॉक्टरकीची परीक्षा पास झालेली एखादी पोरगी बिचारी चष्मा पुसत उभी असते, तर क्लासवाल्याला तिच्यामागे आग पाहिजे. तिनं पाऊल टाकलं की जमीन हादरली पाहिजे, मग पडदा काळा, आणि मग धाड! तो धाड आवाज म्हणजे नागसेनच्या आईची ज्वारीची रिकामी पत्र्याची कोठी. तिच्यावर मुसळ हाणून तो आवाज त्याने मोबाइलवर घेतला आणि इतका संथ केला, की ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डाच पडतो. एवढं कसब असलेला माणूस दिवसभर टक्केवारीच्या आकड्यांना आग लावत बसतो, याची मला चीड येते. त्यालाही येते, पण तो बोलत नाही.

म्हणून श्रीशैल शेठ आले तेव्हा आम्हाला हुरूप आला. शेठची डाळ मिल आहे. त्यांना देशासाठी काहीतरी करायचं होतं आणि स्वतःला पोस्टरवरही बघायचं होतं. त्यांनी युद्धाचा सिनेमा काढला. बर्फाची सरहद्द म्हणून कंधारकडचा एक उघडा माळ, जवान म्हणून मिलमधले हमाल, आणि चित्रीकरण भर एप्रिलात. आता त्याचा ट्रेलर नागसेनने करायचा होता. ट्रेलर चांगला झाला तर पुण्या-मुंबईचे लोक बघतील, मग ह्या आगी लावायच्या कामातून सुटका होईल, असं त्याच्या मनात होतं.

आणि त्याने काय केलं नाही! घामेजलेला माळ निळा करून टाकला, इतका की बघूनच शाल ओढावीशी वाटे. वर-खाली काळ्या पट्ट्या टाकल्या, त्यामुळे माळाखालचं सूर्यफुलाचं शेत झाकलं गेलं. तेच हमाल पुन्हा पुन्हा पळतात, पण तुकडे इतके बारीक कापले की मोजायला कुणाला सवडच मिळू नये. सोयाबीनच्या मळणी यंत्राच्या आवाजाची बंदूक केली. बॉम्ब फुटल्यावर सगळे आवाज बंद करून कानात नुसती बारीक शिट्टी ठेवली. मी मधेच भारदस्त आवाजात दोन वाक्यं म्हणालो, ती मला आजही लाज आणतात.

"भीती डोळ्यानं लागत न्हाई, भुजंगराव," तो म्हणाला. "कानानं लागती."

घोडं अडलं ते शेवटाला. झेंड्यात गुंडाळलेली पेटी अंगणात येते, ढोल एकदम थांबतो, क्षणभर काहीच नाही, आणि मग आईचं रडणं. आई झाली होती शेठची मेहुणी, मंजुश्री. ती रडायची ते दाढ ठणकत असल्यासारखं. नागसेनने तिला परत परत बोलावलं, आवाज खाली केला, लांबवला, त्यावर वारा घातला. काही उपयोग झाला नाही. इतका वेळ बांधत आणलेलं सगळं तिथे येऊन ढासळायचं, आणि शेठ रोज फोन करून विचारायचे की झालं का.

मग एक दिवस त्याने मला बोलावून नुसतं एक रडणं ऐकवलं. मी ते परत लावायला सांगितलं. हे कुणाचं, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, कंधारच्या केवळाबाईचं. त्यांच्या लेकीच्या, पुनमच्या लग्नाचा व्हिडिओ त्याने केला होता. आपल्याकडे पाठवणीच्या वेळी आई लेकीच्या गळ्यात पडून हेल काढून रडते, हे काही सांगायला नको. एकेक आठवण घेते आणि शेवटचा शब्द लांबवते. माणूस गेल्यावरही बायका त्याच हेलात रडतात, फक्त शब्द वेगळे असतात. नागसेनने शब्द कापून टाकले आणि हेल ठेवला. शब्द काढले की दोन्ही रडणं एकच, असं तो मला समजावत होता, आणि ऐकताना मला ते पटलंही.

ट्रेलर पहिल्यांदा दाखवला तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. केवळाबाईचा हेल उठला आणि पुढच्या रांगेतले व्यापारी डोळे पुसायला लागले. शेठनी नागसेनला मिठी मारली. आठवड्याभरात ट्रेलर धर्माबादपासून उदगीरपर्यंत मोबाइलवर फिरू लागला.

त्यानंतर एका दुपारी केवळाबाई आल्या. अहमदपूरला गाडी बदलून, पत्ता विचारत विचारत. मी तिथेच होतो. त्या स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि ते लाव म्हणाल्या. नागसेनने लावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"मावशी, चुकलं माझं," नागसेन म्हणाला.

"जावई सरहद्दीवर हाय, लेकरा," त्या म्हणाल्या. "पुनमनं बघितलं हे. फोन करून म्हनली, आई, त्या पेटीवर तू का रडायलीस?"

जावई फौजेत आहे हे नागसेनला माहीत होतं. गणवेशातला रामलिंग संथ चालीत मांडवात येतो, तो तुकडा त्यानेच कापला होता. पण कापणाऱ्याच्या डोक्यात माणसं राहत नाहीत, तुकडे राहतात. लेकीला सासरी धाडतानाचं रडणं ह्याने मयतीला लावलं होतं, आणि तीही नेमकी फौजीच्या मयतीला. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. केवळाबाईंनी शिव्या दिल्या नाहीत. जिथं जिथं असेल तिथून काढून टाक, एवढं म्हणाल्या आणि परतीच्या गाडीला गेल्या.

नागसेन त्याच संध्याकाळी शेठकडे गेला, मीही सोबत होतो. शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. लोक तिथंच रडतात, तेच काढलं तर उरलं काय, असं त्यांचं म्हणणं. वर म्हणाले, बाईंना स्टेजवर बोलावू, शाल-श्रीफळ देऊ. मी दोन शब्द जास्त बोललो, तर माझा चहा अर्धाच राहिला. नागसेनने नवा शेवट करून दिला, त्यात रडणं नव्हतं, रिकाम्या अंगणात नुसता वारा होता. शेठनी तो पुरता बघितलाही नाही.

तसंही एव्हाना कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं. लोकांनी तो हेल वेगळा कापून घेतला होता. कुणी म्हाताऱ्याच्या फोटोला लावला, कुणी मेलेल्या बैलाला. नागसेन एकेकाला फोन करून हात जोडायचा. कुणी हो म्हणून तसंच ठेवायचं, कुणी म्हणायचं, तुझ्या बापाचा आवाज आहे का? कहर म्हणजे एक क्लासवाला आला आणि म्हणाला, नापास झालेल्या पोराच्या आईला तसलंच रडणं टाकू. नागसेनने त्याला जिन्यापर्यंत ढकलत नेलं. गेली तीन वर्षं त्याच क्लासच्या जाहिरातींवर त्याचं घर चालत होतं.

शेवटी आम्ही कंधारला गेलो. निघायच्या आधी नागसेनने लग्नाच्या मूळ चित्रीकरणातून, आपल्याकडच्या सगळ्या डिस्कमधून केवळाबाईचा आवाज पुसून टाकला. निदान आपल्याकडे तरी नको, म्हणाला. केवळाबाईंनी चहा केला. रामलिंगचा सकाळीच फोन येऊन गेला होता, सगळं बरं होतं. नागसेनने खाली मान घालून सांगितलं, की मावशी, बाहेरचं काही माझ्याच्यानं निघत नाही.

त्यांनी टीव्हीमागचा पेनड्राइव्ह काढून त्याच्यापुढे ठेवला. पुनमच्या लग्नाचा. लेकीची आठवण आली की त्या तोच लावून बसायच्या.

"आता हे लावलं की लेक दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "पेटी दिसती. यातलंबी काढ."

नागसेनने लॅपटॉप उघडला. तेवढ्या जागी सनई टाकू का, असं त्याने विचारलं, सगळे टाकतात. कायबी टाकू नको, त्या म्हणाल्या. त्याने पाठवणीचा आवाज काढला, जुनं पुसून नवं भरलं आणि टीव्हीला लावून दिलं. सनई वाजली, अक्षता पडल्या, जेवणावळी झाल्या, आणि मग पाठवणी आली तसं घर एकदम गप्प झालं. पडद्यावर पुनम आईच्या गळ्यात पडली. केवळाबाईचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, परत उघडत होतं.

खऱ्या केवळाबाई पुढे सरकून बसल्या आणि पडद्यावरच्या आपल्याच ओठांकडे बघत राहिल्या. मग नागसेनकडे वळल्या.

"लेकरा, इथं मी तिला काय म्हनले होते रं? मला तवा सूद नव्हती."

नागसेनने माझ्याकडे बघितलं. ते शब्द त्याने ट्रेलरसाठी कापून टाकले होते, आता शेवटच्या प्रतीतूनही पुसले होते, आणि कापताना एकदाही ऐकले नव्हते.