साडूंच्या पडद्यावरचं पाणी

पाण्याकडे माझ्या साडूंइतकं टक लावून पाहणारा माणूस नर्मदेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. नदीचंच पाणी हवं असंही नाही. पंगतीत वरण वाढलं की ते चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवर वरण सोडतात आणि शेजारच्याला सांगतात, "पाहा, इथपर्यंत चिकटून येऊन राहिलं, अन् इथं सुटलं." एका लग्नात गुरुजींच्या टकलावरून घामाची धार कुठे वळते, हे पाहण्याच्या नादात त्यांच्या अक्षता हातातच राहिल्या. मंगलाष्टकं संपली, बँड सुरू झाला, तेव्हा साडू समाधानानं म्हणाले, "कानामागून गेली!"

ते राहतात नर्मदेजवळच्या एका शहरात, रांझी भागात. एका खासगी कंपनीत पंपाच्या पात्यांना बाक किती द्यायचा, ते संगणकावर ठरवतात. पात्याच्या वळणावरून पाणी कसं जाईल, ते पडद्यावर रंगीत रेघांनी दिसतं: जोरात धावणारं लाल, संथ ते निळं. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण एका उन्हाळ्यात त्यांनी नर्मदेचं एक वळणच संगणकात उतरवायला घेतलं. दर रविवारी नावेतून जायचं, दोरीला वजन बांधून खोली मोजायची. तिथे एक मोठा गुळगुळीत खडक आहे आणि त्याच्या आडोशाला पाणी अगदी निवांत दिसतं. नावाडी तिथे वल्हं थांबवेना. "बाबूजी, यहाँ मत रुको. यहाँ का पानी देखता है."

मेहुणीनं एकदा भर दुपारी मला बोलावून घेतलं. "तुम्हीच पाहा जी. मी यांच्या संगणकाच्या खोलीत झाडायलाही जात नाही आता."

साडूंनी पडदा माझ्याकडे वळवला. वरच्या अंगानं त्यांनी पांढरे ठिपके सोडले, पाण्यात चुरमुरे सोडावेत तसे. ठिपके खडकापाशी आले, त्याच्या बाकाला बिलगून सरकले, आणि बहुतेक पुढे निघून गेले. थोडे मात्र खडकामागे वळले. उलटे, प्रवाहाच्या विरुद्ध, हळूहळू. बाकी नदीत एकही ठिपका उरला नाही तरी ते तिथेच गोल फिरत होते. मग एकेक करून खाली गेले. वर आला नाही एकही.

"पाणी कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं, मोजमाप पुन्हा घेतलं," साडू म्हणाले. "काही ठिपके जातातच."

खोलीत उकडत होतं, तरी माझ्या हातांवर काटा आला. "काहून करून राहिले तुम्ही हे?" मी विचारलं.

तेव्हा कळलं. कॉलेजात असताना त्यांचा जिवलग मित्र त्याच आडोशाला बुडून गेला. पट्टीचा पोहणारा, त्या वर्षी नापास झालेला. पाणी इतकं शांत, की लोक म्हणाले, यानं स्वतःच जीव दिला. त्याची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढा भागात राहते. तेव्हापासून तिनं नर्मदेचं तोंड पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी साडू लॅपटॉप घेऊन त्या मित्राच्या आईकडे, काकूंकडे गेले. मला सोबत नेलं. एकट्यानं जायचा धीर होत नव्हता. काकूंनी चष्मा पुसला आणि ठिपके पाहिले. एका ठिपक्यावर बोट ठेवून त्या ते त्याच्याबरोबर फिरवत राहिल्या, गोल, गोल, तो खाली जाईपर्यंत. बोट तिथेच राहिलं.

"म्हणजे तो स्वतःहून नाही न गेला?"

"नाही काकू. पाण्यानं ओढलं."

 काकू पडद्यावरून हळूच हात फिरवत म्हणाल्या, "बंद कर रे आता. किती फिरवशील त्याला. थंडी वाजत असंल."

साडूंनी लॅपटॉप मिटला. 

परत येताना मी विचारलं, "हे नक्की?"

"तिथे ओढ आहे, हे नक्की," ते म्हणाले. "तो उतरला काहून, ते गणित नाही सांगत." 

काकू आता अधूनमधून घाटावर जातात. साडू त्यांना स्कूटरवरून नेतात. काकू पायरीवर बसून पाण्याशी हळू आवाजात काहीबाही बोलतात, मध्येच थांबतात, कोणी उत्तर देत असावं तशा मान हलवतात. साडू लांब चहाच्या टपरीपाशी उभे असतात. जगातल्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारा हा माणूस, पण त्या काय बोलतात हे त्यांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही.