आबांनी पुढे केलेला चाकू

आमच्या घरात चाकू कुणी कुणाच्या हातात देत नाही. देणाऱ्याने खाली ठेवायचा, घेणाऱ्याने उचलायचा. हातोहात दिला की दोघांत भांडण लागतं म्हणे. आजोबांचा घडीचा चाकू माझ्या वडिलांकडे, म्हणजे आबांकडे आला तोही असाच, ओट्यावरून. लहानपणी मी आंबा कापायला मागितला की आबा तो जमिनीवर ठेवून बाजूला सरायचे.

त्यांच्या बंडीच्या खिशात तो कायम असे. मांडवाचे बांबू तासायचे, वासराचा अडकलेला दोर कापायचा, पायात मोडलेला काटा काढायचा, सगळ्याला तोच. विहिरीकाठच्या दगडावर दोन पिढ्या घासून पातं पार अरुंद झालं होतं. शिंगाची मूठ एका बाजूने फुटली, तिथे आबांनी सागाची चकती बसवली होती.

इतकं सांभाळूनही भांडण झालंच. आमच्या रिहे गावातलं रस्त्याकडेचं भाताचं खाचर बुजवून मी हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या. आबा एवढंच म्हणाले, "पिकत्या खाचरात माती लोटतुयास व्हय रं?" मी तडकून म्हणालो, "तुमच्या भातावर घर चालतंय का?" त्यानंतर दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. जो काही निरोप असेल तो आईकरवी. मीही बोलायला गेलो नाही. खाण तशी माती.

मग आबांनी अंथरूण धरलं. एका दुपारी आई धुणं वाळत घालायला बाहेर गेली, तेव्हा त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. उशीखालून चाकू काढला आणि हात माझ्यापुढे केला. जन्माची सवय, मी पटकन बोलून गेलो, "आबा, खाली ठिवा."

ते माझ्याकडे बघत राहिले. हात तसाच पुढे.

"आता कवा भांडायचं रं आपून?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी चाकू गोधडीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी उचलला. मूठ त्यांच्या हाताने गरम झाली होती. तो हात धरावा एवढंही मला सुचलं नाही, याची आजही लाज वाटते. तिसऱ्या दिवशी आबा गेले.

आता चाकू माझ्या खिशात असतो. परवा खोलीत राहणाऱ्या विदर्भाकडच्या मुलीने खोकं फोडायला तो मागितला. मी सवयीने पायरीवर ठेवला. तिने उचलला, खोकं फोडलं आणि, "घ्या काका," म्हणत सरळ माझ्यापुढे धरला. माझ्या ओठांवर आलंच होतं, खाली ठेव म्हणून. पण मी हात पुढे करून घेतला.

एवढंच करायचं होतं.